अण्णाचं 'सरी'

जयनगर, बेंगळूर
९ फेब्रुवारी १९९७

चि. सुचेता,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रमोशनचं पत्र तुझ्या सुप्रीतावहिनीनं आधी मला वाचून दाखवलं, मग शेजारी रघुपतींच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवलं. संध्याकाळी केसरीभात झाला. यशवंतपूर ते देवनहळ्ळी टेलिफोन-केबलच्या लाइनचं प्लॅनिंग तुझ्याकडे आलं, म्हणजे आता माझी धाकटी बहीण पुण्यात बसून मला सांगणार, अण्णा, इथे खण आणि तिथे जोड. आई-आप्पा गेले तेव्हा तू सात वर्षांची होतीस आणि मी पंचवीस. तुझी वेणी घालताना तू हललीस की मी ओरडायचो. आता तू ओरडायचंस आणि मी हलायचं नाही. चालेल.

एक मागणं आहे. तू साहेब झाल्यावर पहिलं मागणं माझंच, म्हणून हसू नकोस.

या लाइनवर सोळा ठिकाणी केबल जोडायची आहे, दर ठिकाणी बारा तंतू. केसाएवढी काच ती, आतून प्रकाश धावतो. ती दोन रीतींनी जोडतात हे तुला ठाऊक आहे, पण पुस्तकातलं वेगळं आणि खड्ड्यात बसून वेगळं. मेकॅनिकलमध्ये बोटाच्या पेराएवढी नळी असते, आत जेल. एका बाजूनं एक टोक हातानं सरकवायचं, दुसऱ्या बाजूनं दुसरं, मधोमध टोकाला टोक भिडलं की क्लिप दाबायची. सगळी बोटांची करामत. फ्यूजनमध्ये दोन्ही टोकं मशीनमध्ये ठेवून द्यायची. मशीनच त्यांना समोरासमोर आणतं, ठिणगी टाकतं आणि काच वितळून एक होते. जोड कुठे होता हे नंतर शोधावं लागतं.

आपल्या कंपनीचं ते एकुलतं एक मशीन नागपूरच्या कामावर आहे. तीन महिने इकडे पाठव. माझी निवृत्तीपूर्वीची ही शेवटची मोठी लाइन, ती वितळवून जोडलेली असावी असं वाटतं. बाकी क्षेम.

तुझा,
अण्णा

पुणे
२० फेब्रुवारी १९९७

प्रिय अण्णा,

तुझं पत्र तुझ्या मेहुण्यानं, अजितनं हातात घेतलं आणि विचारलं, हे मुंग्यांनी लिहिलंय का? खरंच, काय हे अक्षर! सुरुवातीला बरं होतं, खालपर्यंत येता येता इतकं बारीक झालं की मी खिडकीपाशी नेऊन वाचलं. कागद वाचवतोस का रे? माझ्या लहानपणी पाटीवर अक्षर बारीक काढलं तर कान पिळायचास. आता तुझा कान कोणी पिळायचा? आणि वहिनी फोनवर म्हणाली, तू हल्ली शर्ट सोडून झब्बा घालतोस. पंचावन्नाव्या वर्षी नवीन फॅशन! बटणांचा कंटाळा आला म्हणे.

आता मशीनचं. अण्णा, नागपूरचं काम अर्ध्यावर आहे. मशीन काढलं तर तिथली माणसं हात बांधून बसतील. इथे दिवाळीच्या आत लाइन सुरू करायची आहे. मेकॅनिकलला ना जनरेटर लागतो, ना मशीनची वाट बघावी लागते. आणि खरं सांगू? तिथे दुसरा कोणी जोडणारा असता तर मी मशीनसाठी भांडलेही असते. तू आहेस म्हणून गरज नाही. आमचे साहेबच मीटिंगमध्ये म्हणाले, बेंगळूरला रघुनंदन आहे, त्याचा हात हेच मशीन. मी मान खाली घालून बसले होते, पण आतून अशी फुलले होते म्हणून सांगू.

आणखी एक. पहिल्याच कामात भावासाठी मशीन पळवलं, असं कोणी म्हणायला नको.

सुचेता

ता. क. काल भाजीवाल्याला सवयीनं 'सरी' म्हणाले. तो म्हणाला, कसली सरी? इथे 'बरं' म्हणावं लागतं. सोळा वर्षं झाली, तरी जिभेवरचं बेंगळूर जात नाही.

जयनगर
२ मार्च १९९७

चि. सुचेता,

आशीर्वाद. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात सुरू करतो आहे. बघ, किती ओळी टिकतं.

हाताचं कौतुक पुरे. हात माणसाचा असतो. तू मशीनचा पुन्हा विचार कर. देवनहळ्ळीकडे उन्हाळ्यात जमीन तापते, जेल वर्षा-दोन वर्षांत सुकतं. द्राक्षांच्या मळ्यांतून लाइन जाते, रोज कोणीतरी कुदळ मारतं, हादरे बसतात. वितळवलेला जोड हे सगळं सोसतो. नळीतला जोड म्हणजे दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. सोलणं, कापणं मी कसंही करीन, त्याला गुडघ्याचा टेकू मिळतो. पण ते शेवटचं सरकवणं अधांतरी असतं, आणि जोड चांगला की वाईट ते तिथेच ठरतं.

नागपूरवाल्यांना महिनाभर सुट्टी दे. त्यांची बायकापोरं तुला दुवा देतील.

मशीन मागण्यामागे आणखी एक कारण आहे. ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. भेटीत सांगेन. तू मे महिन्यात येशील ना? देवनहळ्ळीचे चकोतरे, तुमच्याकडची पपनसं, काढून ठेवायला सांगितले आहेत, तुझ्या डोक्याएवढे. स्वल्प विचार कर, एवढंच.

अण्णा

पुणे
१४ मार्च १९९७

प्रिय अण्णा,

विचार केला. स्वल्प नाही, पुष्कळ केला. मेकॅनिकलच्या पेट्या काल रवाना झाल्या, आठवड्याभरात यशवंतपूरच्या गोदामात पोचतील. रागावू नकोस. जेल सुकायचं तेव्हा सुकेल, तोवर दुसरं मशीन येईल आणि आपण एकेक जोड सावकाश बदलू. तुझं ते दुसरं कारणही मला कळलं. शेवटच्या लाइनवर तुला नवीन मशीन हाताळून बघायचं आहे. हो की नाही? लहान मुलासारखा आहेस.

मे महिन्यात येणं कठीण दिसतं. सिद्धीची शाळेची परीक्षा लांबली, आणि इथे माझ्याशिवाय पान हलत नाही असं मला वाटायला लागलं आहे.

अण्णा, तुझं मन मोडून मला काही करायचं नाही. चालेल ना? एका ओळीत कळव. तू नाही म्हणालास तर अजूनही पेट्या परत बोलावीन.

सुचेता

(पोस्टकार्ड)
जयनगर, २२ मार्च १९९७

चि. सुचेता, सरी.
अण्णा

पुणे
३० मार्च १९९७

प्रिय अण्णा,

तुझं 'सरी' आलं आणि जीव भांड्यात पडला! पोस्टकार्ड मी टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. एवढ्या मोठ्या पोस्टकार्डावर एकच शब्द, तोही तिळाएवढा. अजित म्हणतो, तुमच्या घरात शब्दांवर रेशन आहे का? मी म्हटलं, आमच्या अण्णाचं एक सरी म्हणजे दुसऱ्यांची चार पानं.

आता कामाला लाग आणि माझी मान उंच कर.

सुचेता

पुणे
१८ ऑगस्ट १९९७

ती. अण्णा,

आज नेहमीसारखं लिहायला जमणार नाही.

लाइनच्या चाचणीचे कागद काल आले. पहिले चार जोड उत्तम. पाचव्यापासून प्रकाश गळतो आहे. सातवा, नववा, दहावा तर जवळजवळ बंद. एका जोडाची पेटी उघडून बघितली, तर काही नळ्यांत टोकं भिडलेलीच नाहीत आणि काहींत टोकांचे टवके उडालेले. साहेबांनी माझ्यासमोर कागद ठेवला आणि विचारलं, हे तुमच्या बंधूंचंच काम ना? खोलीत सहाजण होते. मला काय वाटलं असेल?

नवशिक्याचं असतं तर मी समजू शकले असते. तू डोळे मिटून जोडशील. मग हे झालं कसं? रात्रभर विचार केला आणि एकच उत्तर सापडतं. मशीन दिलं नाही म्हणून तू रुसलास. मेकॅनिकल कसं वाईट आहे हे मला दाखवायचं होतं, ते दाखवलंस. माझ्या पहिल्या कामावर. तुझ्याकडून मी ही अपेक्षा केली नव्हती.

जे असेल ते खरं लिही.

सुचेता

जयनगर
२७ ऑगस्ट १९९७

चि. सुचेता,

जोड वाईट झाले हे खरं. हलगर्जीपणा माझा आहे. नळ्यांचा दोष नाही, तुझ्या निर्णयाचाही नाही. कोणी विचारलं तर असंच सांग.

मी आजपासून कामावर जात नाही. कंपनीला तसं लिहून दिलं आहे. प्राणेश म्हणून हुबळीकडचा मुलगा आहे, तिशीचा, हात चांगला आहे. त्याला घ्या.

रुसलो नव्हतो. तुझ्यावर रुसायला मला कधी जमलेलं नाही.

अण्णा

जयनगर
११ फेब्रुवारी १९९८

प्रिय सुचेता,

ऑगस्टनंतर तुझं पत्र नाही, फोन नाही. दिवाळीला भेटकार्ड आलं, त्यावर फक्त सही. मी तुला दोष देत नाही. तुला कळू द्यायचं नाही अशी ह्यांनी मला शपथ घातली होती. आज ती मोडते आहे. काय लागायचं ते पाप मला लागो.

ह्यांना कंपवात झाला आहे. आज नाही, शहाण्णवच्या नोव्हेंबरातच डॉक्टरांनी सांगितलं. सुरुवात उजव्या हातापासून. त्या दिवशी डॉक्टरांनी एक ओळ लिहायला सांगितली. ओळ सुरू झाली तेव्हा अक्षर नेहमीचं होतं, संपेपर्यंत बारीक होत होत मुंगीएवढं झालं. त्यावरूनच त्यांनी ओळखलं. तू पत्रात अक्षरावरून थट्टा केलीस तेव्हा हे खूप हसले. मग कितीतरी वेळ खिडकीत उभे होते. झब्ब्याचंही तेच. शर्टाच्या बटणांना सकाळी वीस मिनिटं लागायची.

मशीन मागितलं ते ह्यासाठी. मशीनमध्ये तंतू ठेवून दिला की पुढचं काम मशीन करतं, हात थरथरला तरी काही बिघडत नाही. नळीत टोक सरकवताना हात स्थिर लागतो. तुला साधं कळवलं असतं तर तू मशीन पाठवलं असतंस. मी शंभरदा म्हटलं. हे म्हणाले, बहिणीनं पहिल्याच कामात आजारी भावाला पाठीशी घातलं असं लोक म्हणतील. आणि दुसरं म्हणाले ते मी विसरणार नाही. 'तिला माझ्या हाताचा अभिमान आहे, तो मी काढून घेऊ?'

ते पोस्टकार्ड मी टाकून आले. हे लिहायला बसले तेव्हा त्यांना मोठं पत्र लिहायचं होतं. तीन कार्डं फाडली. चौथ्यावर एक शब्द लिहिला आणि तोंडानं म्हणाले, सरीऽऽऽ. तुला आठवतो ना तो सूर? आप्पांचं दुकान विकलं तेव्हाचा.

पहिले चार जोड त्यांनी सकाळी, औषधाचा अंमल असताना केले. एकेका तंतूला तास घालवला. मग मुदत जवळ आली आणि दुपारीही बसावं लागलं. घरी येऊन हातांकडे बघत राहायचे. ऑगस्टमध्ये तुझं पत्र आलं. ते मी वाचलेलं नाही, त्यांनी वाचू दिलं नाही. मधल्या खोलीतल्या पेटीत ठेवलंय.

गेल्या आठवड्यात हे न्हाणीघरात पडले. फार लागलं नाही. पण मी घाबरले आणि लिहायला बसले. तू ये.

सुप्रीता

पुणे
३ मार्च १९९८

प्रिय अण्णा,

तुझ्याकडे चार दिवस राहून आले आणि जे बोलायला आले होते ते सोडून सगळं बोलले. तू चमच्यानं भात खात होतास आणि मी सिद्धीच्या मार्कांबद्दल सांगत होते. तू विचारलंस, चकोतरा गोड निघाला का? मी म्हटलं, हो. तो कडू होता, अण्णा. म्हणून आता लिहिते आहे. समोर बसून मला जमलं नाही.

मला माहीत होतं रे. घरात दोन 'सरी' आहेत हे मला पाचव्या वर्षापासून माहीत होतं. आखूड सरी म्हणजे पटलं. लांब सरी म्हणजे वाद संपला, मन मात्र दुखलं. सहलीला जाऊ का विचारलं आणि तू लांब सरी म्हणालास की मी जायचे नाही. त्या वयात कळायचं. कार्डावर सूर ऐकू आला नाही, आणि मी विचारलंही नाही, कारण मला आखूडच हवं होतं. ते कार्ड काचेखाली ठेवून मी रोज त्यावर चहाचा कप ठेवत होते.

तुझ्या हातावर माझा एवढा विश्वास होता की मी त्याच्याकडे बघितलंच नाही. अक्षर बारीक झालं तर थट्टा, झब्बा घातला तर थट्टा. आणि मग ते ऑगस्टचं पत्र. तू रुसून मुद्दाम बिघडवलंस, असं मी तुला लिहिलं. तुला! सात वर्षांच्या मुलीच्या फ्रॉकचं बटण पडलं तर कामावरून येऊन ते लावणाऱ्याला. सुईत दोरा एका झटक्यात ओवायचास, गल्लीतल्या म्हाताऱ्या तुझ्याकडे सुया घेऊन यायच्या. ते हात थरथरत होते आणि मी त्यांना कामचुकार म्हणाले. अण्णा, मला ह्याची फार लाज वाटते. दिवसभर वाटते. ऑफिसात फाइल उघडली की वाटते.

मशीन शेवटी यशवंतपूरला आलं, हे तू पाहिलंसच. त्या दिवशी आपण देवनहळ्ळीला गेलो. प्राणेश दहावा जोड नव्यानं करत होता आणि तू चिंचेखाली स्टुलावर बसला होतास. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मी बघितलं ते. प्राणेशनं तंतू कापला, तू दहा फुटांवरून म्हणालास, तिरका गेलाय, पुन्हा काप. त्यानं भिंगातून बघितलं तर खरंच तिरका. मला तिथे रस्त्यावर बसून रडावंसं वाटलं. हेच मशीन एक वर्ष आधी आलं असतं तर त्या खड्ड्यात तू असतास. सोळाही जोड तुझे असते. ते आता मला कधीच भरून देता येणार नाही, आणि येईल असं म्हणून मी तुझी समजूत काढत नाही.

लाइन परवा सुरू झाली. साहेबांनी माझं अभिनंदन केलं. मी सहाही जणांसमोर सांगितलं, पहिले चार जोड बदललेले नाहीत, ते माझ्या भावाचे आहेत, आणि मशीनच्या जोडांना पुरून उरतील. बाकीचे का बिघडले तेही सांगितलं. ते माझ्यामुळे.

आता एकच विचारते. मला माफ करशील? घाई नाही. पण 'सरी' लिहिणार असशील, तर कोणतं ते लिही. कागदावरचं मला आता ओळखता येत नाही.

तुझी,
सुचेता

जयनगर
२९ मार्च १९९८

प्रिय सुचेता,

तुझं पत्र ह्यांनी स्वतः वाचलं, भिंग घेऊन. नंतर मला पेटी उघडायला लावली आणि तुझं ऑगस्टचं पत्र बाहेर काढून चुलीत घालायला सांगितलं. मी घातलं. न वाचता.

उत्तर मी लिहून घेते म्हटलं, तर नको म्हणाले. उजवा हात आता फार वेळ पेन धरत नाही आणि आवाजही ह्या महिन्याभरात खाली गेला आहे, कान जवळ नेल्याशिवाय ऐकू येत नाही. रोज सकाळी औषध घेतल्यावर बसायचे. सहा दिवस कागद वाया गेले. काल मी म्हटलं, पहिला शब्द झालाय, तेवढाच पुरे, दुसरा मी लिहिते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, पहिला तू लिहिलास तरी चालला असता, दुसरा माझ्याच हातचा हवा.

खाली चिकटवलेला कागद आहे तो. भिंग घेऊन वाच.

सुप्रीता

(डिंकानं चिकटवलेला वहीचा तुकडा)

सरी.
आखूड.